विगिन्स की लव्ह? प्रश्नच चुकीचा आहे

आधी दोन आकडे बघा: १६.९ आणि १६.४. एनबीएच्या २०१४-१५ च्या हंगामात अँड्र्यू विगिन्सने सामन्यामागे सरासरी १६.९ गुण केले आणि केविन लव्हने १६.४. या दोघांची हंगाम सुरू होण्याआधीच अदलाबदल झाली होती. समजा, तुम्हाला एवढाच तक्ता देऊन विचारलं की या सौद्यात फायदा कोणाचा झाला, तर काय लिहाल?

थांबा, घाईने उत्तर देऊ नका. बास्केटबॉल कळत नसलं तरी चालेल. या सौद्यावर झालेल्या टीकेत त्याच चुका आहेत ज्या आपण पेपर वाचताना, आणि खरं सांगायचं तर लिहितानाही, करतो. म्हणून आज या टीकेचीच टीका करू.

थोडी पार्श्वभूमी. एनबीएत नवे खेळाडू आयपीएलसारखे बोली लावून घेत नाहीत. दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो आणि संघ आपापल्या क्रमांकाने एकेक खेळाडू निवडतात. वरचे क्रमांक सोडतीने ठरतात आणि हरणाऱ्या संघांना त्यात जास्त संधी असते. २०१४ मध्ये क्लीव्हलँडला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता होती फक्त १.७ टक्के. तरी तो मिळाला आणि त्यांनी १९ वर्षांच्या विगिन्सला घेतलं. अशा खेळाडूचा पगार ठरलेल्या श्रेणीतच असतो. त्या हंगामात विगिन्सचा पगार सुमारे ५५ लाख डॉलर होता, तर लव्हचा सुमारे १ कोटी ५७ लाख. म्हणजे वरचा क्रमांक ही उद्याचा मोठा खेळाडू स्वस्तात मिळण्याची एक शक्यता असते. नुसती शक्यता, बरं का. आदल्या वर्षीचा पहिला क्रमांकही क्लीव्हलँडकडेच होता. त्यावर घेतलेला अँथनी बेनेट एनबीएत टिकला नाही.

११ जुलै २०१४ ला लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलँडला परतत असल्याचं जाहीर केलं आणि सगळं गणित बदललं. करार केलेल्या नव्या खेळाडूला ३० दिवस दुसऱ्या संघाला देता येत नाही, म्हणून सौदा २३ ऑगस्टला पूर्ण झाला. विगिन्स आणि बेनेट मिनेसोटाला गेले, लव्ह क्लीव्हलँडला आला. सौद्यात तिसरा संघही होता, पण तो तपशील इथे सोडू.

पहिली चूक: निकालावरून निर्णयाला मार्क देणं

पहिल्या वर्षानंतरचं चित्र असं होतं: विगिन्स सर्वोत्तम नवोदित ठरला, लव्हची सरासरी २६.१ वरून १६.४ वर आली आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत खांदा निखळून तो बाहेर बसला. निकाल: सौदा फसला. मग जून २०१६. क्लीव्हलँड अंतिम मालिकेत १-३ ने मागे होतं, समोर ७३ सामने जिंकून आलेला गोल्डन स्टेट. तरी क्लीव्हलँड विजेतं झालं आणि सातव्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटात स्टीफन करीला अडवून धरणारा होता लव्ह. निकाल: सौदा बरोबर होता. पुढे २०२२ मध्ये विगिन्स गोल्डन स्टेटकडून विजेता झाला. पुन्हा कुजबुज: घाईच झाली होती का?

निर्णय एकच, तारीख एकच, पण निवाडे तीन. २३ ऑगस्टला क्लीव्हलँडला जे माहीत होतं त्यात नंतर एका अक्षराचीही भर पडलेली नाही. बॅरन आणि हर्शी यांनी १९८८ मध्ये हेच प्रयोगांतून दाखवलं: निर्णय आणि हाताशी असलेली माहिती तीच ठेवली, तरी निकाल चांगला लागला की लोक निर्णयाला जास्त चांगलं म्हणतात. करीचा तो एक शॉट आत गेला असता तर लव्हला आणण्याचा निर्णय २०१४ मध्येच वाईट झाला असता का?

दुसरी चूक: आकडा कुठून आला हे न विचारणं

आता १६.९ आणि १६.४ कडे परत या. विगिन्सचे गुण ८२ पैकी १६ सामने जिंकणाऱ्या संघातले आहेत, लव्हचे ५३ जिंकणाऱ्या संघातले. मिनेसोटात चेंडू विगिन्सकडे यायचा. क्लीव्हलँडमध्ये लेब्रॉन आणि कायरी अर्विंगनंतर लव्हचा नंबर लागायचा. आकडे जवळपास सारखे असले तरी ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतायत.

इथे एक जोडपेपर जरूर वाचा. स्टॉ आणि होआंग यांनी १९९५ मध्ये दाखवलं की ड्राफ्टमध्ये वर निवडलेल्या खेळाडूला, कामगिरी हिशेबात धरल्यावरही, मैदानावर जास्त वेळ मिळतो. त्यांचा अर्थ असा, की एवढा मोठा क्रमांक खर्च केलाय तर त्याला बसवायचं कसं, या बुडीत खर्चाच्या विचारातून हे होतं. १९९९ मध्ये कॅमेरर आणि वेबर यांनी तो विषय पुन्हा तपासला. दुसरी कारणं काय असू शकतात ते मांडून, हिशेब नव्याने करून ते म्हणाले की परिणाम आहे, पण साधारण निम्मा. टीका कशी करावी याचा हा वस्तुपाठ आहे. त्यांनी 'चूक' असा शिक्का मारला नाही, किती बरोबर ते मोजलं.

आपल्यासाठी मुद्दा असा: वर निवडलेल्या खेळाडूच्या गुणांत थोडा वाटा त्याच्या क्रमांकाचाही असू शकतो. 'बघा, विगिन्स किती चमकला' हा पुरावा म्हणूनच तेवढा स्वच्छ नाही.

तिसरी चूक: कंट्रोल चुकीचा

विगिन्स विरुद्ध लव्ह ही तुलना सोपी आहे म्हणून केली जाते. खरी तुलना आहे लव्हसह क्लीव्हलँड आणि विगिन्ससह क्लीव्हलँड, तेही लेब्रॉन तिशीला टेकलेला असताना. यातला दुसरा संघ कधी खेळलाच नाही. तो कोणाला दिसणार नाही, त्याचा अंदाजच करावा लागेल.

माझं मत सांगायचं तर सौदा चांगला होता. विगिन्सचा फायदा चार-पाच वर्षांनी मिळणार होता आणि लेब्रॉनचे उत्तम दिवस तेवढे थांबणार नव्हते. पण याला खरा धोकाही होता. लव्हला २०१५ च्या उन्हाळ्यात करार सोडून जाता येत होतं. तो थांबला, नवा करार झाला. गेला असता तर वर्षभरासाठी पहिला क्रमांक उधळल्यासारखं झालं असतं. टीका करायचीच तर ती इथे, या मुद्द्यावर करायला हवी होती.

चौथी चूक: सोयीची उदाहरणं

असे सौदे आवडणारे बॉस्टनचं नाव घेतात: २००७ मध्ये पाचवा क्रमांक देऊन रे ॲलन आणला, केविन गार्नेटही आला आणि २००८ मध्ये विजेतेपद. विरोधक ब्रुकलिनचं नाव घेतात: २०१३ मध्ये ३७ वर्षांचा गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पिअर्स यांच्यासाठी बॉस्टनलाच २०१४, २०१६ आणि २०१८ च्या पहिल्या फेरीतले क्रमांक दिले, वर २०१७ ला अदलाबदलीचा हक्कही. ब्रुकलिनच्या पदरी प्लेऑफची एक मालिका पडली. त्या क्रमांकांच्या वाटेने बॉस्टनला जेलेन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले.

दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण ती एकाच जातीची नाहीत. क्लीव्हलँडने दिलेला क्रमांक तोवर एक माणूस झाला होता, त्याला बघता येत होतं. ब्रुकलिनने पुढच्या वर्षांचे कोरे क्रमांक दिले. संघ जितका कोसळेल तितका त्याचा क्रमांक वर जातो. म्हणजे मोठे खेळाडू अपयशी ठरले की नेमकी तेव्हाच दिलेल्या वस्तूची किंमत वाढणार. दोन्ही धोके एकाच दोरीला बांधलेले. 'क्रमांक देऊन स्टार घ्यावा का' याला एकच उत्तर शोधणं म्हणूनच निरर्थक आहे.

हे सगळं मला इतकं का टोचतं? पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः उभी करत असलेली पद्धत बाजूला ठेवली आणि प्रयोगशाळेत आधीपासून बसलेली पद्धत घेतली. पेपर निघाला. सगळे म्हणाले, निर्णय अगदी बरोबर. मीही मान हलवली. पण तो निर्णय घेताना माझ्या मनात काय होतं ते मी कुठेच लिहिलेलं नाही. आज आठवायला गेलं की त्या आठवणीत पेपर निघाल्याचा आनंद मिसळलेला असतो. निर्णय विचाराचा होता की नुसता कंटाळ्याचा, हे आता माझं मलाच सांगता येत नाही.

तुमच्यापुढेही हे येणार आहे: नवा प्रश्न की रुळलेला, नुकतेच रुजू झालेले गाइड की नावाजलेले. निवड कुठलीही करा, पण त्या दिवशी वहीत तारीख घालून तीन ओळी लिहा. आत्ता मला काय माहीत आहे? मी नक्की कोणत्या पर्यायाशी तुलना करतोय किंवा करतेय? काय घडलं तर माझा विचार चुकला असं मी मानेन? दोन वर्षांनी निकाल काहीही लागो, तपासायला तुमच्या हातात तो दिवस असेल.