पोलीस ॲक्शन : न्याय्यतेचे दोन प्रश्न

सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादवरील लष्करी कारवाई न्याय्य होती काय, हा प्रश्न आपल्या मराठी घरांतून सहसा विचारला जात नाही. रझाकारांच्या धास्तीने ज्यांच्या वाडवडिलांनी गावे सोडली, त्यांना तो अनावश्यक वाटावा, हे स्वाभाविकच आहे. तथापि या विषयावरील प्रमुख लेखन शेजारी ठेवून वाचले असता, येथे दोन निरनिराळे प्रश्न एकात एक मिसळले गेल्याचे दिसते.

प्रथम नावाचाच विचार करू. शासकीय सेवेत ज्यांची हयात गेली, त्यांना ठाऊक असते की, फाइलीच्या शीर्षकावरूनच पुढील टिपणी कोणत्या वळणाने जाणार हे ठरते. 'युद्ध' म्हटले की समोर परके राष्ट्र येते. 'पोलीस ॲक्शन' म्हटले की तो घरचा बंदोबस्त ठरतो. प्रत्यक्षात १३ ते १७ सप्टेंबरपर्यंत रणगाडे व विमाने वापरली गेली आणि १६ सप्टेंबरला हैदराबादची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे आली.

भारताचे एजंट-जनरल कन्हैयालाल मुन्शी यांनी 'दि एंड ऑफ ॲन एरा' (१९५७) मध्ये भारताची बाजू मांडली, तर निजामाचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी 'ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद' (१९६२) मध्ये हैदराबादची. लायक अलींच्या दृष्टीने हे सरळ आक्रमण होते. त्यांचा मुद्दा केवळ भावनेचा नव्हे. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार एका वर्षासाठी होता आणि ती मुदत संपण्यापूर्वीच सैन्य आत आले. त्याआधी आर्थिक नाकेबंदीही झाली होती. मात्र पाकिस्तानला देऊ केलेले वीस कोटींचे कर्ज व चोरट्या मार्गाने आलेली शस्त्रे कराराच्या कोणत्या कलमात बसत होती, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याकडे मिळत नाही. रझाकारांचे प्रकरणही त्यांच्या मांडणीत गौण ठरते.

माझ्या मते कारवाईची न्याय्यता करारभंगाच्या हिशेबावर अवलंबून नाही. निजामाच्या सार्वभौमत्वाला प्रजेच्या संमतीचा आधार नव्हता आणि प्रजेच्या रक्षणाचे कर्तव्यही त्या राज्याने सोडले होते. गोरट्याचे हत्याकांड घडले. ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली. ते स्वतः मुसलमान होते आणि भारतात विलीन होण्याचा पुरस्कार करीत होते. म्हणून हा झगडा दोन धर्मांचा होता, हे म्हणणे टिकत नाही.

परंतु युद्धाचे कारण न्याय्य असले, तरी त्यानंतरचे वर्तन आपोआप न्याय्य ठरत नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी त्याच वर्षअखेर संस्थानात फिरून अहवाल लिहिला. अत्यंत सावध अंदाजानेही २७ ते ४० हजार माणसे कारवाईच्या काळात व नंतर मारली गेली, असे त्यांनी नोंदविले. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना बसली आणि मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही त्यात नोंद आहे. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. अनेक दशके तो अप्रकाशित राहिला, ए. जी. नूरानी यांच्या २०१३ मधील पुस्तकात तो वाचावयास मिळतो.

नूरानी यांच्या पुस्तकाचा कल याच्या नेमका उलट आहे. नंतरच्या कत्तलीच्या प्रकाशात ते मूळ कारवाईकडेही पाहतात. विजयाच्या आनंदात पुढील रक्तपात विसरणारे आणि रक्तपात दाखवून विजयच नाकारणारे, असे दोन्ही पक्ष एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला देतात. महाभारतकारांनी तसे केले नाही. पांडवांचा पक्ष धर्माचा मानूनही त्यांनी युद्धानंतर स्त्रीपर्व लिहिले.

त्या चारही जिल्ह्यांत आपल्यापैकी कित्येकांची मूळ गावे आहेत. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी आपण आदराने जपल्या, तशाच आदराने तो अहवालही वाचला पाहिजे. मुक्तिसंग्रामाचे मोल त्याने कमी होणार नाही.