स्त्री-अभ्यास, अनुदान आणि संहितेचे अस्तित्व

ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. ९३ वर्षांनी, १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांनी ती संपादित करून पुन्हा वाचकांपुढे आणली. एका व्यासंगी संशोधकाने हे साधले असता महाविद्यालयांनी स्त्री-अभ्यासाच्या स्वतंत्र अभ्यासक्रमावर खर्च का करावा, असा आक्षेप संभवतो. परंतु ताराबाईंचे पुस्तक छापलेले होते, म्हणूनच ते सापडू शकले, हे त्यात विसरले जाते.

सोलापुरात विड्या वळणाऱ्या अनेक स्त्रिया घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलतात. त्यांचे कथन मराठी विभागाच्या लेखी साहित्य ठरत नाही. अर्थशास्त्राच्या लेखी त्या केवळ श्रमशक्ती ठरतात. ते लिहून घ्यायचे तर दोन्ही भाषा जाणणारा अध्यापक हवा, क्षेत्रकार्याला अवधी हवा, म्हणजेच नियमित आर्थिक तरतूद हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाने सातव्या योजनेपासून स्त्री-अभ्यास केंद्रांना साहाय्य दिले, तरी योजनेच्या मुदतीने बांधलेल्या निधीवर असे दीर्घकालीन काम विसंबू शकत नाही. महाविद्यालयांनी स्वतःचा वाटा उचलला नाही, तर भावी संपादकाला शोधण्याजोगी संहिताच उरणार नाही.