अनंत फंदी: तमाशा आणि कीर्तन यांचा संयोग

संगमनेरचा शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) वाङ्मयेतिहासात बहुधा दोन तुकड्यांत भेटतो: आधी तमाशातील लावणीकार, नंतर अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने पालटलेला कीर्तनकार. ही आख्यायिका अध्यापनात सहज मुरली, कारण शाहिरी हीन आणि कीर्तन श्रेष्ठ हे तीत आधीच गृहीत आहे.

कालक्रम मात्र या मांडणीला पुरती साथ देत नाही. अहिल्याबाईंचे निधन १७९५ मधील. सवाई माधवरावाचा मृत्यूही त्याच वर्षी, अहिल्याबाईंनंतर झाला. त्यावरील ‘माधवनिधन’ आणि दुसऱ्या बाजीरावाच्या राजवटीवरील फंदीचे कवन हे सर्व त्यानंतरचेच ठरते. उपदेश झाला असला, तरी शाहीर मावळलेला नाही.

अधिक बळकट पुरावा फटक्याचा आहे. हा प्रकार रूढ करण्याचे श्रेय फंदीकडे जाते. सोळा आणि चौदा मात्रांचे दोन खंड, आठ मात्रांचे ठळक आवर्तन, चरणान्ती परतणारे निषेधार्थी क्रियापद अशी त्याची बांधणी आहे. आशय कीर्तनकाराचा, नीतिबोधाचा. पण समोरच्याला एकेरीत हटकणारी भाषा आणि यमकाचा तडाखा फडावरचा आहे. हा बोध पुराणातील दृष्टान्तावर विसंबत नाही, तो व्यवहारातील वाक्प्रचारांवर चालतो.

अशा संयोगाचे आधुनिक उदाहरण अमेरिकी रॅपर गुरू (कीथ एलम, १९६१-२०१०) याचे आहे. ‘गँग स्टार’मध्ये डीजे प्रीमियरच्या साथीने जॅझच्या जुन्या मुद्रिकांतील तुकड्यांवर रॅप करणाऱ्या गुरूने १९९३ च्या ‘जॅझमटॅझ’साठी डोनाल्ड बर्ड, रॉय एअर्स अशा वादकांनाच सोबत घेतले. रॅपला जॅझची प्रतिष्ठा चिकटवण्याचा हा खटाटोप, असा आक्षेप त्यावर घेता येईल. परंतु गुरूचा संथ, एकसुरी आवाज वाद्यांच्या नादी लागत नाही. तो बोलतच राहतो. फंदीला लावलेला ‘सुधारणे’चा निकषही याच कारणाने अपुरा पडतो. कीर्तनाने त्याला उपदेशाचा अधिकार दिला, बोलण्याची रीत दिली नाही. (‘फंदी’ हे नावही मलक फंदी या फकिराच्या स्नेहातून आल्याचे सांगतात.)

हा संयोग सर्वत्र सारखा साधलेला नाही. ‘माधवनिधन’सारख्या दीर्घ रचनेत कथनाचा भार वाढतो आणि फटक्यातील हटकणारा आवाज मागे पडतो.