मिडगार्ड कोणाचं?

मिडगार्ड नावाचं शहर इंटरनेटवर शेकडो ठिकाणी जवळजवळ जसंच्या तसं उभं राहिलं. देवळाबाहेर पडलं की चौक, पुढे बाजार, बाजाराच्या आसपास बेकरी आणि शस्त्रांचं दुकान. चित्र एकही नाही, सगळं काही वाक्यांत. १९९० च्या सुमारास कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या पाच जणांनी ‘डिकूमड’ हा खेळ लिहिला, त्याचा सोर्स कोड फुकट वाटला आणि कोडबरोबर हे शहरही गावोगाव गेलं. पुढे मर्क, सर्कलमड, रॉम असे त्याचे वंशज झाले. खेळ चालवणाऱ्यांनी लढाईचे नियम बदलले, जादूचे मंत्र बदलले, शहर मात्र बहुतेकांनी तेच ठेवलं. निव्वळ मजकुरावर चालणारे हे खेळ, म्हणजे मड, एकसारखे वाटतात ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. तिचा दोष ही जगं रचणाऱ्या बिल्डरांच्या कल्पनाशक्तीला दिला जातो. मला तो मालकीच्या गोंधळात दिसतो.

या कलेची जातकुळी आधी ओळखायला हवी. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी पहिला मड लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. तेव्हापासून या जगांचा मोठा भाग हौशी माणसांनी रात्री जागून, एक पैसा न घेता लिहिला आहे. बिल्डर एक ‘एरिया’ रचतो. त्यात पन्नास-शंभर रूम असतात. रूम म्हणजे जंगलातली पायवाट असेल, पूल असेल, विहिरीचा तळ असेल. प्रत्येक रूमला चार-पाच ओळींचं वर्णन. हे लेखन दिसतं तितकं सोपं नाही. खेळाडू त्याच रूममधून शंभरदा जाणार, म्हणून ओळ शंभराव्या वाचनातही टिकली पाहिजे. तो कोणत्या दिशेने आला हे लेखकाला ठाऊक नसतं. ‘तुला भीती वाटते’ असं लिहिणारा बिल्डर कच्चा. भीती वाटावी असं काही समोर ठेवणारा पक्का. वर्णनात भिंतीवरच्या कोरीवकामाचा उल्लेख आला, तर खेळाडू ते निरखून बघणारच, म्हणून त्याचंही वेगळं वर्णन तयार हवं. कथा, नकाशा आणि प्रोग्रॅमिंग यांचा असा मेळ दुसऱ्या कुठल्या लेखनप्रकारात क्वचितच आढळतो. तरीही या कलेला समीक्षा नाही, कारण लेखकच सापडत नाहीत.

ते हरवले कसे, हे पाहण्यासारखं आहे. १९८९ मध्ये स्वीडनच्या लार्स पेन्शो यांनी ‘एलपीमड’ लिहिला. त्यात खेळ पार केलेल्या खेळाडूला ‘विझार्ड’ करून जगात भर घालण्याचा अधिकार मिळे. वाचकाला लेखकपदी बसवणारी ही पद्धत मला आजही थोर वाटते. विझार्डला स्वतःची डिरेक्टरी मिळे; तो खेळ सोडून गेला की डिरेक्टरी मागे राही. ती कोणाची, हे बहुतेक ठिकाणी कुणी लिहूनच ठेवलं नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या ‘लॅम्डामू’त तर प्रत्येक वस्तूच्या नोंदीतच मालकाचा क्रमांक असे. पण ही मालकी यंत्रापुरती. त्या क्रमांकाच्या वर विझार्ड होते, विझार्डांच्या वर सर्व्हरचा धनी. वीज बंद करायचा अधिकार ज्याच्या हातात, त्याच्यापुढे क्रमांकाचं काय चालणार?

कायदा मात्र सर्व्हरच्या धन्याला वाटतो तितका त्याच्या बाजूचा नाही. अमेरिकेत १९८९ च्या ‘सीसीएनव्ही विरुद्ध रीड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या अर्थाने नोकर नसलेल्याने केलेल्या कामाचा कॉपीराइट नुसतं काम सांगितल्याने सांगणाऱ्याकडे जात नाही. तो हस्तांतरित करायला सहीचा लेखी कागद लागतो. आपल्याकडेही १९५७ च्या कायद्यात कलम १७ प्रमाणे सर्वसाधारणपणे लेखकच पहिला मालक, कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी, आणि कलम ५७ लेखकाचं नाव राखतं. तेव्हा ‘इथे लिहिलेलं सगळं आमचं’ असं एकतर्फी नियमांच्या फायलीत टाकून, कुणाच्या संमतीची नोंद न ठेवता, मालक होता येत नाही. फार तर एरिया त्या खेळात वापरायची गर्भित परवानगी मिळते. दुसऱ्याला देण्याची, पुस्तकात छापण्याची, विकण्याची परवानगी त्यात धरता येत नाही.

म्हणून चांगले एरिया सर्व्हरच्या बाहेर पडले नाहीत. चालवणाऱ्याला देण्याचा हक्क नव्हता, लिहिणाऱ्याकडे बहुधा प्रत नव्हती. खेळ बंद पडला की लेखन गेलं. जे उघडपणे वाटलं होतं तेवढंच पसरलं, आणि ते मिडगार्ड होतं. शिवाय वाटलेल्या मर्क-एरियांत मोरिया आणि स्मर्फांचं गावही होतं, म्हणजे दुसऱ्याच्याच कल्पना. बिल्डरांनीही मालकीचा विचार फारसा केला नव्हता हे मान्य केलं पाहिजे.

पैशाचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीच्या स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये वेतनासाठी दावा लावला, तो २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर मिटला. मडच्या बिल्डरांना पगार नको होता. त्यांना नाव हवं होतं. डिकूच्या मूळ परवान्यातही मुख्य अटी दोनच होत्या: नफा कमवू नका, आणि लॉगिनच्या वेळी आमची नावं दाखवा. मर्कच्या एरिया-फायलीत पहिल्याच ओळीत लेखकाचं नाव असे आणि ‘एरियाज’ ही आज्ञा दिली की खेळाडूला ते दिसे. ही ओळ पुसायला क्षण पुरतो. मिडिव्हिया या खेळावर डिकूकर्त्यांची नावं काढून पैसे घेतल्याचा आरोप वर्षानुवर्षं होत राहिला. नाव पुसणं म्हणजे किरकोळ शिष्टाचारभंग, असं तेव्हा पुष्कळांना वाटे. २००८ मध्ये ‘जेकबसन विरुद्ध कॅट्झर’ या खटल्यात, खेळण्यातल्या रेल्वेच्या फुकट सॉफ्टवेअरबाबत, अमेरिकी अपील न्यायालयाने सांगितलं की पैसे न घेता दिलेल्या परवान्यातली श्रेयाची अटसुद्धा कॉपीराइटची अट ठरू शकते. मला हा निकाल या सगळ्या कलेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो.

आज जे मड चालू आहेत त्यांनी बिल्डरकडून एक पानाचा कागद घ्यावा. कॉपीराइट त्याचाच राहील. खेळाला तो एरिया कायम वापरण्याची, दुरुस्त करण्याची आणि खेळ बंद पडल्यास खुल्या परवान्याखाली ठेवण्याची परवानगी तो देईल. त्याचं नाव फायलीत आणि पडद्यावर राहील. उद्या रुसून एरिया काढून नेणाऱ्या बिल्डरमुळे नकाशाच्या मधोमध भगदाड पडू नये, हा चालवणाऱ्यांचा आग्रहही रास्त आहे, आणि या कागदात तो सांभाळला जातो. टोपणनावामागचं खरं नाव आणि संपर्क खेळाच्या विश्वस्तांकडे बंद नोंदीत असावा. डिकूच्या कर्त्यांनी २०२० मध्ये आपला कोड मुक्त परवान्याखाली आणला. ते त्यांना जमलं, कारण मूळ पाचही नावं पहिल्या दिवसापासून फायलीत होती. ज्या एरियाखाली फक्त ‘अनामिक’ लिहिलं आहे, त्याच्यासाठी परवानगी मागायला कोणाकडे जायचं?