वजनदार मतं

व्यायामाबद्दल ज्याला मत नाही असा माणूस महाराष्ट्रात अजून जन्माला यायचाय. व्यायाम न करणाऱ्यांची मतं तर अधिकच ठाम. वयाच्या ५१ वर्षांपर्यंत मी या दुसऱ्या वर्गात सुखानं बसून होतो. गेल्या मे महिन्यात आमची आई पलंगाशेजारी घसरून खाली बसली. लागलं काही नाही, पण तिला उठता येईना आणि मला उचलता येईना. आईचं वजन ४२ किलो. "अरे, माझ्यात उचलण्यासारखं आहे काय?" असं ती खालून विचारतेय आणि मी स्वतःचीच कंबर धरून उभा. शेवटी सिलिंडर घेऊन आलेल्या गॅसवाल्यानं तिला अलगद पलंगावर ठेवलं. भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतो. त्याच्या हिशेबी आई म्हणजे जेमतेम दीड सिलिंडर.

ताकद कमवायची हे त्याच दिवशी ठरलं. कुठल्या पंथानं, हे ठरायला तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांचं हे परीक्षण. नाटकाचं परीक्षण लिहायला कुठे नट असावं लागतं?

पहिला पंथ आमच्या काकांचा. "काका, सुरुवात किती बैठकांनी करू?" म्हटलं, तर म्हणाले, "फार नको. शंभर."

देशी पद्धतीला माझा नमस्कार आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, त्यांना पैसा लागत नाही, सतरंजीभर जागा पुरते. बैठकेनं पायांत जो जोर येतो तो म्हातारपणी खुर्चीतून उठताना कामाला येतो. पण माझ्यासारख्या नवख्याच्या दृष्टीनं यात एक मोठी खोट आहे. पहिल्याच जोराला स्वतःचं निम्म्याहून जास्त वजन दोन हातांवर येतं, म्हणजे बालवाडीत नाव घालायचं ते थेट मॅट्रिकला. (भिंतीला हात टेकून जोर काढले तर चालेल का, असं मी विचारलं. काकांनी भिंतीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं. वास्तविक ती सुरुवात उत्तम आहे.) बरं, एकदा जमू लागलं की पुढे वाढतो तो आकडा, वजन नाही. पन्नासाचे शंभर झाले की दम वाढतो, ताकद त्या मानानं नाही. शिवाय जोर-बैठकांत ढकलणं भरपूर आणि ओढणं काहीच नाही. ओढायला मल्लखांब आहे, पण त्या खांबालाही काही भावना असतील.

दुसरा पंथ कोपऱ्यावरच्या जिमचा. तिथे प्रत्येक अवयवाला उपासासारखा वार नेमून दिलेला. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, असं करत पाय शनिवारी. सहाही दिवस येणाऱ्या पंचविशीतल्या पोराला हे ठीक आहे. आमच्यासारखा प्रपंची माणूस आठवड्यातून दोनदा उगवणार. माझी छाती दोन महिने नियमित हजर होती, पायांची मात्र पटावर नोंददेखील झाली नाही. यंत्रं वाईट नसतात. उलट नवख्याला ती सांभाळून घेतात, वजनही बेताबेतानं वाढवता येतं. वाईट ते वेळापत्रक. आणि शिकवणाऱ्या मुलाचा माझ्या स्नायूंपेक्षा प्रोटीनच्या डब्यावर अधिक जीव होता.

तिसरा पंथ लोखंडी दांड्याचा. मार्क रिपेटो या अमेरिकन गृहस्थाचं 'स्टार्टिंग स्ट्रेंथ' २००५ साली निघालं, आणि या पंथाची ती पोथीच झाली. मोजके व्यायाम, आठवड्यातून तीन वेळा, बहुतेकांचे पाच-पाचचे तीन फेरे, आणि दर खेपेला थोडं वजन जास्त. पासबुकासारखा चोख हिशेब. मला हा पंथ मनापासून पटला. अडचण एवढीच, की मोठा दांडा नुसताच २० किलोंचा असतो. आणि हडकुळ्या पोरांना या गृहस्थांचा सल्ला आहे, रोज गॅलनभर दूध प्या. म्हणजे पावणेचार लिटर. हे ऐकून सौ.नं दूधवाल्याचं बिल नुसतं माझ्यापुढे धरलं. चाळिशीपुढच्यांसाठी याच परंपरेतलं सलिव्हन आणि बेकर यांचं 'द बारबेल प्रिस्क्रिप्शन' २०१६ साली आलं. सलिव्हन हे डॉक्टर. उतारवयात शरीराची झीज भरून यायला वेळ लागतो, तेव्हा मात्रा बेतानं घ्या, असा त्यातला सूर. आमच्या वयाला तो मानवतो.

गंमत म्हणजे या सगळ्या भांडणाच्या मुळाशी एकच साधी गोष्ट आहे. १९४० च्या दशकात थॉमस डिलॉर्म नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं जायबंदी सैनिकांना विश्रांतीऐवजी वजनं उचलायला लावली, आणि जमेल तसतशी ती वाढवत नेली. गुडघे सुधारले. जागतिक आरोग्य संघटनाही सांगतेय, ते आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना काम द्या, एवढंच. मग पंथ कुठला, याला माझ्या लेखी फारसा अर्थ उरला नाही. मी दोनच प्रश्न धरले. यात अर्धा किलो वाढवायची सोय आहे का? आणि एक वार चुकला तर एखादा अवयव उपाशी राहतो का?

डॉक्टरांना रक्तदाब दाखवला. "उचलताना श्वास कोंडू नका," एवढं बजावून त्यांनी सोडलं. ऑगस्टपासून मंगळवार-शुक्रवार घरीच सुरू केलं. खुर्चीतून उठणं-बसणं, खालून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि उचललेलं घेऊन खोलीभर चालणं, सगळं दोन्ही दिवशी. वजन म्हणून प्रवासाच्या जुन्या बॅगेत तांदूळ. सुरुवात १० किलोंनी, मग दर आठवड्याला अर्धा किलो. घरी पुलाव झाला की माझी ताकद पाव किलोनं घटते, हा या पद्धतीतला दोष मान्य करायलाच हवा.

आई पलंगावर बसून मोजते. तिच्या मोजण्यात सातानंतर कधीकधी एकदम दहा येतात, मायेपोटी. हल्ली माझं बघून तीही खुर्चीचे हात धरून पाच वेळा उठते-बसते.

परवा बॅग २४ किलोंवर गेली, तेव्हा म्हणाली, "आता मला उचलून बघ की."

"आई, अजून अठरा किलो कमी पडतात. दिवाळीपर्यंत होईल."

ती जरा वेळ हिशेब करत बसली. मग म्हणाली, "बरं. दिवाळीपर्यंत मी पडत नाही."