रक्तदाब नॉर्मल, मग शॉक कसा?

नवजात बाळांमधल्या रक्तस्रावाच्या शॉकवरचा पेपर हातात आला, की निष्कर्षाकडे धावू नका. आधी ‘मेथड्स’मध्ये शोधा: लेखकांनी शॉक म्हणजे नेमकं काय धरलंय? पुष्कळदा एकच ओळ सापडते, रक्तदाब अमुकच्या खाली. माझं भांडण त्या ओळीशी आहे. (माझ्या पहिल्या आराखड्यातही तीच होती, हे कबूल करते.)

हिशोब बघा. पूर्ण दिवसांच्या बाळात किलोमागे 80 ते 90 मिली रक्त, म्हणजे 3 किलोच्या बाळात जेमतेम 250 मिली. व्हॅक्यूम लावून झालेल्या प्रसूतीनंतर कधीकधी टाळूच्या कातडीखालच्या सैल जागेत रक्त साठत जातं. याला सबगॅलियल रक्तस्राव म्हणतात. ही जागा भुवयांपासून मानेपर्यंत पसरलेली. बाळाचं निम्म्याहून जास्त रक्त तिथे मावतं आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. बाळ हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं, ठोके वाढवतं, रक्तदाब टिकवून धरतं. तो कोसळतो तोवर बराच उशीर झालेला असतो. हिमोग्लोबिनही तसंच फसवं: पेशी आणि प्लाझ्मा एकत्रच जातात, रक्त पातळ होऊन आकडा उतरायला काही तास लागतात.

लवकर दिसतात त्या खुणा साध्या आहेत. फिकटपणा (सावळ्या बाळात जीभ आणि तळवे बघा), थंड पाय, क्षीण नाडी, वाढलेले ठोके, दाबलेल्या त्वचेत रक्त परतायला 3 सेकंदांहून जास्त वेळ, टेपने पुन्हापुन्हा मोजल्यावर वाढत जाणारा डोक्याचा घेर. एकटी कुठलीच खूण पुरेशी नाही. गारठलेल्या बाळाचेही पाय थंडच लागतात. गुदमरलेलं बाळही फिकट असतं, पण नीट श्वास दिल्यावर ते सहसा सुधारतं. रक्त गेलेलं फिकटच राहतं.

आता त्या एका ओळीने अभ्यासाचं काय होतं बघा. ठोके वाढलेलं, पाय थंड पडलेलं, पण रक्तदाब टिकवून असलेलं बाळ ‘शॉक नाही’ या गटात जातं. मग विश्लेषण सांगतं की वाढलेले ठोके म्हणजे खोटी घंटा! घंटा खरीच होती हो, आपण तिला चुकीच्या रकान्यात टाकलं.

मी आता प्रत्येक खूण वेळेसकट नोंदवायचं ठरवलंय आणि ‘रक्त द्यावं लागलं का’ हा निकष घेतलाय. त्यातही गोची आहेच: रक्त द्यायचा निर्णय डॉक्टर याच खुणा बघून घेतात. त्यावर गाईडशी अजून वाद चालू आहे.