दोन घरचा पाहुणा : दर्यापार गेलेला दखनी शिपाई आणि आपले साहित्य

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की एक प्रश्न हमखास पुढे येतो : प्रस्थापित मराठी साहित्यात आम्ही आहोत कुठे? १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन भरले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. त्यानंतर शेतकरी, कारागीर, मोहल्ल्यातली बाई, दंगलीत होरपळलेले घर असे कितीतरी विषय आपल्या लेखकांनी कागदावर आणले. मात्र एक माणूस अजून उंबऱ्याबाहेरच उभा आहे. तो म्हणजे पहिल्या महायुद्धात समुद्रापार गेलेला दखनी मुसलमान शिपाई.

हा माणूस आम्हाला परका नाही. मांजरसुंब्याहून एक रस्ता केजमार्गे अंबाजोगाईला जातो. निजामी राजवटीत या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली हे कंटिन्जंट इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत विलीन झाले. त्याच्या रिसाल्यांपैकी एकाला विसावे डेक्कन हॉर्स हे नाव मिळाले. शीख आणि जाटांच्या बरोबरीने दखनी मुसलमान या रिसाल्यात स्वार होते. १९१४ साली हा रिसाला फ्रान्सला गेला. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या जंगलाजवळ त्याने भाले सरसावून हल्ला चढवला. १९१८ मध्ये तो पॅलेस्टाईनच्या आघाडीवर गेला. हा इतिहास पलटणींच्या नोंदींत आहे. पण त्या घोड्यावर बसलेला माणूस साहित्यात कुठे आहे?

युद्धावरच्या लिखाणात लढाई असते, शौर्य असते, मरण असते. शिकणे मात्र बहुधा नसते. आम्ही पेशाने शिक्षक असल्याने आमची नजर तिकडेच आधी जाते. शेतातला तरुण शिपाई कसा बनतो, आणि परक्या मुलखात त्याला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसावे लागते तेव्हा त्याच्या मनाचे काय होते, हा साहित्याचा विषय आहे.

‘शिलेदार’ हा शब्द मराठी वाचकाला सांगायला नको. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. ही रीत या रिसाल्यांतही चालत आली होती. घोडा आणि सामान यांसाठी स्वाराने पैसे भरायचे आणि नोकरी सोडताना ते परत घ्यायचे. म्हणजे घोडा ही त्याची इज्जत होती आणि पुंजीही होती. असा स्वार फ्रान्सला पोचला तेव्हा मशीनगन आणि काटेरी तारांपुढे घोडदळाला वावच उरला नव्हता. घोडे मागे ठेवून त्याला चिखलाच्या खंदकात पायी उतरावे लागले. हातबॉम्ब फेकणे आणि विषारी वायू आला की तोंड झाकणे हे धडे तिथे गिरवावे लागले. मग मागे येऊन, शत्रूची फळी कधीतरी फुटेल या भरवशावर, पुन्हा भाल्याचा सराव करायचा. पायदळाची तऱ्हाही वेगळी नव्हती. १९१४ मध्ये मार्सेय बंदरात उतरलेल्या हिंदी पलटणींना हातातल्या ओळखीच्या बंदुका जमा करून नव्या घ्याव्या लागल्या. मोठ्या वयात पाटी पुसून नव्याने अक्षरे काढणे किती जड जाते, हे वर्गात उभे राहणाऱ्याला कळते. इथे तर चुकणाऱ्याला दुसरी संधी मिळेल याची खात्री नव्हती.

हा शिपाई खुशीचा होता की सक्तीचा? ब्रिटनमध्ये १९१६ साली सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. हिंदुस्थानी माणसावर तसा कायदा लागू झाला नाही. कागदावर तो स्वखुशीने आलेला होता. पण कोरडवाहू जमीन, डोक्यावरचे कर्ज, गावच्या मोठ्या माणसाचा शब्द आणि दरमहा मिळणारा पगार यांच्या पुढ्यात खुशी कितीशी उरते? उर्दूत एक फारसी म्हण रूढ आहे : ‘तंग आमद, ब-जंग आमद’. म्हणजे जेरीस आला आणि लढायला उठला. कर्नल मुहम्मद खान यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या अनुभवांवर जे पुस्तक लिहिले, त्याचे नाव या म्हणीच्या उत्तरार्धावरून ‘ब-जंग आमद’ असे ठेवले. १९६६ साली आलेले हे पुस्तक उर्दू विनोदी गद्यात मानाचे समजले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र ते अधिकाऱ्याचे पुस्तक आहे. कमिशन मिळालेला, शिकलेला माणूस परदेशातल्या फजितीवर हसू शकतो आणि ती स्वतःच्या हाताने लिहू शकतो. साध्या शिपायाची गोष्ट म्हणीच्या पहिल्या अर्ध्यात, त्या ‘तंग’ शब्दात आहे. शीर्षकात तो शब्द नाही, आणि साहित्यातही त्याला फारशी जागा मिळाली नाही.

त्याला अपवाद म्हणून अब्दुल्ला हुसैन यांच्या ‘उदास नस्लें’ (१९६३) या कादंबरीकडे पाहावे लागते. तिचा नायक नईम फौजेत भरती होऊन बेल्जियमच्या खंदकांत आणि पुढे पूर्व आफ्रिकेत पोचतो आणि एक हात गमावून परततो. या कादंबरीचे मोठेपण असे की ती युद्धाला नईमच्या आयुष्यातला एक अध्याय मानते, त्याचे स्मारक करत नाही. हिंदीत चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही कथा तर युद्ध चालू असतानाच, १९१५ साली आली. इंग्रजीत मुल्कराज आनंद यांनी ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ लिहिली. पण या साऱ्यांत शिपाई उत्तरेकडचा आहे. लहनासिंग आणि लालू पंजाबच्या मातीतले, आणि नईमचे गावही दखनपासून फार लांबचे. उर्दू साहित्याच्या मनात फौजी म्हटले की पंजाब आणि सरहद्द येते, आमचा बालाघाट येत नाही.

आणि मराठीत? मराठीत पलटण म्हटले की ‘मराठा’ हे नाव पुढे येते आणि तिथेच विचार थांबतो. वास्तविक त्या काळच्या मराठा पलटणींत दखनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले तेव्हा घोडे कापले गेले. ते मांस खायला हिंदी शिपाई तयार होईनात, म्हणून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे संदेश मागवण्यात आले. यातल्या मुसलमान शिपायाच्या समोर खलिफाची फौज होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून जिहादची घोषणा झाली होती, आणि त्याच सुमारास हैदराबादच्या निजामाने मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहायला सांगितले होते. एका बाजूला खाल्लेले मीठ आणि दुसऱ्या बाजूला कलमा. कवायतीच्या मैदानावर शिकवलेला हुकूम मानायचा की मनातला? एवढा पेच ज्या अनुभवात आहे, त्याकडे कादंबरीकाराने पाठ फिरवावी याचे नवल वाटते. मराठीने त्याला मराठ्यांत मोजले, उर्दूने पंजाब्यांत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो असा.

त्याचा स्वतःचा आवाज अगदीच नाही असे नाही. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रे इंग्रज सेन्सॉर तपासत असे. त्यांतले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि डेव्हिड ओमिसी यांनी त्यांची निवड १९९९ साली पुस्तकरूपाने छापली. पण ती पत्रे वाचताना किती हात मधे येतात पाहा. निरक्षर शिपाई बोलतो, दुसराच कोणी लिहून देतो, सेन्सॉर त्यातले हवे तेवढे इंग्रजीत उतरवतो. जी पत्रे मुळात उर्दूत होती, ती उर्दूच्या मास्तराला आज इंग्रजीतून वाचावी लागतात. तरीही शिपाई हुशारी करतोच. काळी मिरी आणि लाल मिरी अशा शब्दांत तो हिंदी आणि गोऱ्या फौजेची खबर घरी कळवतो. हा माणूस मुका नव्हता. त्याला आपली भाषा होती आणि ती दडवून वापरण्याचे कसबही होते. समीक्षेने या पत्रांकडे केवळ इतिहासाची साधने म्हणून पाहू नये. ते गद्य आहे, आणि त्याला शैली आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, साम्राज्यासाठी पगारावर लढलेल्याचे कसले कौतुक? कौतुक करा असे आम्ही म्हणत नाही. साहित्य कुणाला पदक देत नाही, ते माणूस समजून घेते. दुसरा धोका आपल्याच बाजूचा आहे, आणि तो अधिक नाजूक आहे. आजच्या वातावरणात या शिपायाचे नाव हाती आले की त्याचा दाखला करण्याचा मोह होतो : पाहा, आम्हीही रक्त सांडले आहे! दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातल्या एका पुतळ्याकडे बोट दाखवता येते, कारण १९२२ साली उभारलेले ते स्मारक जोधपूर आणि म्हैसूरबरोबर हैदराबादच्या स्वारांचेही आहे. २०१८ मध्ये त्या चौकाच्या नावात हैफा हा शब्द जोडला गेला. स्मारकाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ज्या माणसाला एकदा पगारासाठी उभे केले गेले, त्याला आता निष्ठेचा पुरावा म्हणून पुन्हा उभे करणे हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल. त्याची थंडी, त्याची भीती, घोड्यावाचून झालेली त्याची अवस्था, परदेशात शिकलेले आणि गावात कुणाला सांगता न आलेले सारे काही, हे त्याचे त्याला परत मिळाले पाहिजे.

म्हणून आमचे नव्या लेखकांना सांगणे एवढेच आहे. अंबाजोगाई, जालना, हिंगोली, औरंगाबाद या जुन्या छावण्यांच्या गावांत अजून फौजी घराणी आहेत. त्यांच्या पेट्यांत पदके, पेन्शनचे कागद, एखादे उर्दू पत्र असू शकते. फ्रान्समध्ये नव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी नावे कोरलेली आहेत. ज्याला उर्दू वाचता येते आणि मराठीत लिहिता येते, असा माणूस या कामाला हवा आहे, आणि तो आपल्यात आहे. आजोबांच्या पिढीकडून जे ऐकले ते सांगणारे लोक दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जाण्याचे काम याच वर्षी सुरू व्हावे.